गगनबावड्याचा मिलिसेकंद

लोकसंख्येच्या हिशेबात गगनबावडा हा कोल्हापूर जिल्ह्यातला सगळ्यात लहान तालुका. 2011 च्या जनगणनेत माणसं 35 हजारांच्या आसपास, पाऊस मात्र वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे. त्यामुळे मिलिमीटरशी इथल्या लोकांची जुनी ओळख आहे. मिलिसेकंद हा पाहुणा नवा.

वेळेच्या बाबतीत तालुका एरवी मोठ्या मनाचा. करूळ आणि भुईबावडा असे दोन घाट इथून कोकणात उतरतात, आणि त्यातल्या एकात दरड आली की पाहुणे, पंचनामे, लग्नाचे मुहूर्त सगळे समजूतदारपणे पुढे सरकतात. गाडी आली की निघायचं, वीज आली की दळायचं. अशा ठिकाणी एका रात्री जेवताना तात्यांच्या धाकटीने जाहीर केलं, ‘‘आपला टीव्ही दीडशे मिलिसेकंद लेट हाय.’’

तात्या आमटी ओरपत म्हणाले, ‘‘असू दे की. कुठं गाडी चुकत्या?’’

प्रकरणाचं मूळ पुण्यात. तात्यांच्या थोरल्याने नोकरी लागल्याच्या आनंदात प्लेस्टेशन 5 घेतला होता. हे यंत्र भारतात 2 फेब्रुवारी 2021 रोजी आलं, तेव्हा किंमत होती 49,990 रुपये. गाभण म्हशीला वाईट वाटावं असा आकडा. पुढे थोरल्याचं लग्न ठरलं आणि नव्या सुनेसमोर इभ्रत राहावी म्हणून यंत्र गुपचूप गावी रवाना झालं. धाकटीने ते घरच्या जुन्या टीव्हीला जोडलं. ती बटण दाबायची आणि पडद्यावरचा गडी पंचायतीचा ठराव होईपर्यंत थांबून मग उडी मारायचा, तीही दरीत.

स्वस्तातला नवा टीव्ही घ्यायचा ठरल्यावर रीतसर बैठक बसली. हजर: तात्या, आजी, निवृत्त गुरुजी आणि कोल्हापूरचे मामा. यातल्या एकानेही प्लेस्टेशनचा कंट्रोलर हातात धरलेला नव्हता, म्हणूनच निर्णयाचा अधिकार त्यांच्याकडे होता. मामांनी विचारलं, किती इंची? आजींनी विचारलं, आवाज मोठा हाय न्हवं? गुरुजींनी विचारलं, यूट्यूब येतं का? ज्याला खेळायचंय त्याने काय विचारावं हे धाकटीला ठाऊक होतं, पण तिला विचारायला कोणी वेळच दिला नाही.

खरा प्रश्न एवढाच असतो की बटण दाबल्यावर चित्र किती वेळाने हलतं. आजचा टीव्ही आलेलं चित्र जसंच्या तसं दाखवत नाही. तो आधी त्याचे दाणे पुसतो, कडा कोरतो, रंग चढवतो आणि हालचाल लोण्यासारखी दिसावी म्हणून दोन चित्रांच्या मधे तिसरं स्वतःच्या मनाने घुसवतो. कचेरीत अर्ज चार टेबलं फिरतो तसं. प्रत्येक टेबलावर सही, शिक्का आणि थोडा चहा. सिनेमा बघताना याची खबरही लागत नाही, कारण आवाजसुद्धा तेवढाच मागे ठेवतात. पण सेकंदाला 60 चित्रं हलवणाऱ्या खेळात एका चित्राच्या वाट्याला जेमतेम 16.7 मिलिसेकंद येतात. टीव्हीने शंभर खाल्ले की पाच-सहा चित्रं गेली आणि गडीही गेला. गेम मोड नावाची सोय ही मधली टेबलं उठवते. ती धड असेल तर उशीर विसाच्या आत येतो. हा आकडा खोक्यावर मात्र छापत नाहीत. बाकी सगळं छापतात.

काय काय छापतात ते कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका दुकानात बघायला मिळालं. भिंतभर टीव्ही, आणि सगळ्यांवर एकच पोपट. तो उडाला की फूल उमलतं, फूल उमललं की लिंबू पाण्यात पडतं. या व्हिडिओत कुठलाही टीव्ही वाईट दिसत नाही. तो बनवलाच त्यासाठी आहे. विक्रेता पोरगा हुशार होता. ‘‘भावा, नाद खुळा पीस हाय, 120 हर्ट्झ!’’ धाकटीने खोक्याच्या मागचं बारीक अक्षर वाचलं. पॅनेल 60 चं. वरचे साठ टीव्ही मधे जी चित्रं घुसवतो त्यांचे, म्हणजे ज्या कारणाने उशीर होतो त्याचीच जाहिरात. दुसऱ्या एकात 120 खरे होते, पण पडद्याच्या आडव्या ओळी निम्म्या करून मिळवलेले. तिसऱ्यावर ‘एचडीएमआय 2.1’ लिहिलेलं. 2021 च्या अखेरीस हे उघड झालं की हा आकडा लावायला त्यातली नवी वैशिष्ट्यं असायलाच हवीत असं काही नाही. ती ऐच्छिक. नावात 2.1, अंगात जुनाच 2.0, आणि सगळं नियमात बसतं. नव्वदच्या दशकात टू-इन-वनवर ‘पीएमपीओ’च्या नावाखाली हजारो वॅट चिकटवणारी मंडळी निवृत्त झाली असतील असं मला वाटायचं. त्यांची पोरं टीव्हीत शिरली आहेत.

तेवढ्यात धाकटीने पायाशी ठेवलेलं खताचं पोतं उघडलं. आत टॉवेल, टॉवेलात प्लेस्टेशन. वाटेत असळजपासून पाऊस लागला म्हणून वर पोत्याचीच खोळ घातलेली. विक्रेता दोन पावलं मागे सरकला.

‘‘दादा, पोपट काढा. मी बघतो.’’

त्या दुकानात अशी मागणी बहुधा पहिल्यांदाच झाली असावी. तिने एकेक टीव्ही जोडून बघितला. बटण दाबायची, पडद्याकडे बघायची, नाक मुरडायची. एकात गेम मोड सापडेचना. शेवटी तो सेटिंगच्या चौथ्या पायरीखाली, कोकणात उतरल्यासारखा निघाला. दुसऱ्यात तो पहिल्याच पानावर होता. लावल्याबरोबर पडदा निळाजांभळा झाला, स्पीकर घुमला, उशीर होता तेवढाच राहिला. तिसरा 43 इंची होता, 4के, सरळ 60 हर्ट्झचा, अंगावर स्टिकर कमी. गेम मोड लावला आणि गडी बोटाबरोबर उडाला. धाकटी पुन्हा उडाली, म्हणजे गडी. मग तिने मागे वळून बापाकडे बघितलं.

तात्या म्हणाले, ‘‘पण पोपट त्या पलीकडच्यावर झ्याक दिसतोय.’’

वाचकहो, माझं ऐकाल तर 25-30 हजारांत या तिसऱ्याच्या पुढे जाऊ नका. प्लेस्टेशनवरचे बहुतेक खेळ आजही सेकंदाला 30 किंवा 60 चित्रांवर चालतात, त्यामुळे 120 च्या नादाला लागायची गरज नाही. ‘एचडीआर’चं स्टिकर या किमतीत सोडूनच द्या. टीव्हीला तो संकेत समजतो, पण दाखवायला लागणारा उजेड त्याच्या अंगात नसतो.

दुकानातली बोलणी इथून पैशावर आली. मामा म्हणाले, 32 इंचीच घ्यायचा तर कालच घेतला असता. त्यांच्या म्हणण्यात सरकारही होतं. 32 इंचांवरच्या टीव्हीला पूर्वी 28 टक्के जीएसटी होता, त्याच्या आतल्याला 18. म्हणजे तेहतिसाव्या इंचापासून माणूस चैनीत लोळतो अशी दिल्लीची समजूत. 22 सप्टेंबर 2025 पासून सगळ्यांना 18 झाला. ‘‘मोदींनीच सांगितलंय मोठा घ्या,’’ मामांनी निकाल दिला. विक्रेत्याने झिरो टक्के हप्त्याचा कागद पुढे केला. तात्या उसाच्या बिलाचा महिना बोटांवर मोजू लागले. दुकानात आल्यापासून गुरुजींनी इथे पहिल्यांदा तोंड उघडलं. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेने 2013 सालीच बँकांना सुनावलं होतं. विक्रेता हसून म्हणाला, ‘‘व्याज न्हाईच गुरुजी, प्रोसेसिंग फी हाय.’’ दुकानातल्या अर्ध्या लोकांनी मान डोलावली, बरोबरच आहे म्हणून.

टीव्ही वडापच्या टपावर ताडपत्रीत गुंडाळून, वाटेत कळ्याला एक चहा घेऊन घरी आला. बघायला आळी लोटली. मामांनी माळ्यावरून नव्वदच्या सालातला कॅसेटचा व्हिडिओ गेम काढला. ‘9999 इन 1’, सोबत नारिंगी बंदूक. बदकं मारून दाखवतो म्हणाले. शिकाऱ्यासारखा नेम धरला, घोडा दाबला, आणि एकही बदक पडेना. खेळातलं कुत्रं गवतातून वर येऊन हसत राहिलं. बंदूक बिघडलेली नव्हती. घोडा दाबला की तो खेळ क्षणभर पडदा काळा करतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटवतो, आणि बंदुकीचा डोळा तो चौकोन ठरलेल्या क्षणी शोधतो. काचेच्या नळीचा जुना टीव्ही सिग्नल येईल तसा थेट रंगवायचा, मधे टेबलं नव्हती. नव्या टीव्हीत चौकोन उशिरा उमटतो, तोवर बंदुकीने ‘हुकला’ म्हणून नोंद केलेली असते. ‘‘आमच्या वेळी टीव्हीला मोडबीड काय लागत न्हवतं,’’ मामा म्हणाले. जुनं ते सोनं म्हणणाऱ्या माणसाचं तांत्रिकदृष्ट्या बरोबर निघालेलं मी प्रथमच बघितलं, आणि त्यांना ते सांगायचं मुद्दाम टाळलं.

आता संध्याकाळी सात ते दहा टीव्ही आजींचा. गेम मोडवर मालिकेतल्या सुना त्यांना आजारी दिसतात, म्हणून त्या सगळी टेबलं परत बसवून घेतात. दहानंतर धाकटी ती उठवते. वीज जाते तेव्हा दोघी एकमेकींकडे संशयाने बघतात. इन्व्हर्टरचा भाव काढून झाला आहे; स्वस्तातल्या टीव्हीचा तो दुसरा हप्ता.

परवा पुण्याहून थोरल्याचा फोन आला. इभ्रतीचा प्रश्न उलटा निघाला होता: सूनबाईच लग्नाआधी कॉलेजात असताना खेळायच्या, आणि यंत्र कुठे गेलं म्हणून रोज विचारतात. तेव्हा प्लेस्टेशन तेवढा परत पाठव.

धाकटीने पडद्यावरची नजर न हलवता स्पीकर चालू केला. ‘‘न्हाई मिळायचा. वहिनीलाच हिकडं पाठव. गेम मोड हिकडं हाय.’’