वॉशिंग्टनचा धोबीघाट

टॉम डिले टेक्सासमधल्या शुगर लँडचे. साखर आणि राजकारण ही जोडी आपल्याला काही नवी नाही. मूळ धंदा झुरळं-वाळवी मारण्याचा. पुढे अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात बहुमतवाल्यांचे नेते झाले. टोपणनाव 'हातोडा'.

टेक्सासमध्ये उमेदवाराला कंपन्यांचा पैसा चालत नाही. म्हणून २००२ साली डिलेंच्या समितीने कंपन्यांचे १,९०,००० डॉलर वॉशिंग्टनला पक्षाकडे धाडले. पक्षाने टेक्सासच्या सात उमेदवारांना रक्कम वाटली. किती? १,९०,०००. पै कमी नाही की जास्त नाही. आपल्याकडचा परीटसुद्धा इतक्या चोख हिशेबाने कपडे परत देत नाही, एखादा मोजा ठेवून घेतोच.

२००५ मध्ये पैसा धुतल्याचे आरोप ठेवले गेले. आरोपी म्हणून फोटो काढताना साहेब असे हसले, जणू पासपोर्टसाठीच आलेत. खटला रेंगाळला. तेवढ्यात टीव्हीवरच्या नाचाच्या स्पर्धेत नाचून झालं, पायाचं हाड दुखावून घेऊन झालं. २०१० मध्ये दोषी, मग तीन वर्षांची शिक्षा, आणि २०१३ मध्ये अपिलात निर्दोष. कोर्टाचं म्हणणं, पैसा मुळात मळका होता हेच सिद्ध झालं नाही.

मग धुवायला कशाला टाकला होता?