शून्याची हकालपट्टी

दोन संगणकांची चाचणी घेतली. एकाला 98 गुण, दुसऱ्याला 100. फरक इतका किरकोळ, की चाचणी पुन्हा लावली तर निकाल उलटाही लागेल. हे आकडे मार्केटिंगवाल्यांकडे द्या. ते हिरमुसत नाहीत, आलेख काढतात. उभा अक्ष शून्याऐवजी 97 पासून सुरू! एकाचा खांब एक घर, दुसऱ्याचा तीन. दोन गुणांची आघाडी तिप्पट दिसू लागली आणि खोटं तर कुणीच बोललं नाही. सगळ्यांना गळाभर पाण्यात उभं करायचं आणि पाण्याबाहेर दिसेल ती उंची धरायची, असा हा हिशोब.

डॅरेल हफने 1954 मध्येच पुस्तक लिहून ही युक्ती चव्हाट्यावर आणली. तेव्हापासून धंदा सुधारला आहे. मार्च 2022 मध्ये ॲपलने एम-वन अल्ट्रा चिप आणली. आलेखात आडवे वॅट, उभी ‘सापेक्ष कामगिरी’. कुठल्या चाचणीतली? ते विचारायचं नाही. शेजारी एनव्हिडियाच्या आरटीएक्स 3090 या ग्राफिक्स कार्डाची रेघ चढत चढत 320 वॅटच्या आसपास येते आणि गप्प उभी राहते. ते कार्ड त्यापुढेही वीज खातं आणि पळतं. परीक्षकांनी पळवून पाहिलं, तर ते चिपला बरंच मागे टाकून गेलं. दमली होती ती रेघ, कार्ड नव्हे.

पण निदान रेघ कापायला तरी डोकं लागतं. ऑगस्ट 2025 मध्ये ओपनएआयने जीपीटी-5 हे एआय मॉडेल जाहीर करताना तेही वाचवलं. पडद्यावर 69.1 आणि 30.8 हे खांब सारख्याच उंचीचे, आणि 52.8 चा खांब 69.1 पेक्षा उंच! गुणपत्रिकेत असं केलं तर बोर्ड चौकशी लावतं. इथे कंपनीचे प्रमुख सॅम ऑल्टमन यांनी मोठा घोळ झाल्याचं हसत कबूल केलं आणि विषय संपला.

त्याच कार्यक्रमात आणखी एक आलेख होता: मॉडेल किती फसवतं, याचा. त्यात जीपीटी-5 चा 50 टक्क्यांचा खांब जुन्या मॉडेलच्या 47.4 पेक्षा बुटका. नंतर खुलासा आला, की खांब बरोबर होता, आकडा चुकला, खरा 16.5. म्हणजे फसवेगिरीच्या आलेखात प्रामाणिक निघाला तो एकटा खांब, आणि त्याच्यावर कुणाचाच विश्वास बसला नाही.