शेठ, नाव कोणाच्या नावावर आहे?

प्रति,
समस्त शॉपमालक, पार्टनर, प्रोप्रायटर आणि ‘कॉम्प्युटरचं सगळं आमच्या मॅडम बघतात’ म्हणणारी सज्जन मंडळी,
मुक्काम भोसरी, चिंचवड, तळवडे, कुदळवाडी. तसेच कुरुळी, निघोजे, महाळुंगे आणि चाकण.

विषय : आपल्या वेबसाइटचा सातबारा.
संदर्भ : आपला गुरुवारचा फोन.



गुरुवारी आपल्या पट्ट्यात वीजवाले देखभालीसाठी लाइन बंद ठेवतात, म्हणून शॉपला सुट्टी. मशीन बंद, कॉम्प्रेसर बंद, टेम्पोवाला गावाला. अशा निवांत वेळी इतरांना देव आठवतो, तुम्हाला वेबसाइट आठवते. ‘अरे, साइट दिसत नाहीये. मेल पण गंडलाय. बघ जरा.’ एवढं सांगून तुम्ही जे आळंदीला नाहीतर कुणाच्या लग्नाला जाता, ते थेट शुक्रवारी सकाळी ‘झालं का?’ विचारायला उगवता. मधल्या वेळात पासवर्डसाठी केलेले माझे फोन तुमच्या खिशात वाजत राहतात.

तरीही तक्रार करत नाही. तुमच्या धाडसाचं जाहीर कौतुक कुणीतरी करायला हवं होतं, ते करतो.

पस्तीस लाखांचं व्हीएमसी घेताना तुमची चौकशी मी पाहिली आहे. स्पिंडल कुठलं, कंट्रोलर कुठला, टूल मॅगझिन केवढं, सर्व्हिस इंजिनिअर पुण्यात राहतो की बेंगळुरूहून येणार. आणि शेवटी घासाघीस करून एक मशीन वाइस फुकट. त्या मशीनला काम मिळवून देणारा मेल मात्र तुम्ही महिना नव्याण्णव रुपयांच्या होस्टिंगवर ठेवता आणि वर मला विचारता, ‘अनलिमिटेड आहे ना?’ आहे ना, शेठ. जागा अनलिमिटेड, फक्त फाइली किती ठेवायच्या याला मर्यादा, ती अटींच्या पानाच्या तळाला. इनबॉक्समधला एकेक मेल म्हणजे त्यांच्या हिशोबी एकेक फाइल, आणि मॅडमनी २०१४ पासून एकही मेल डिलीट केलेला नाही. शिवाय त्या सर्व्हरवर तुम्ही एकटे नाही. एकाच आयपी पत्त्यावर शेकडो साइट नांदतात: कुणी लग्नं जुळवतो, कुणी झटपट कर्ज देतो, कुणी टकलावर केस उगवतो. त्यातली एक हॅक होऊन रात्रीतून ढीगभर रद्दी मेल सुटले, की तो आयपीच स्पॅमहाउससारख्या काळ्या यादीत जातो, म्हणजे सगळे जातात. उद्योग केसवाल्याच्या साइटचा, आणि पार्टीच्या दारातून परत येतं तुमचं कोटेशन.

आणि साइट तरी काय! उघडल्याबरोबर पिवळं हेल्मेट घातलेला एक गोरा इंजिनिअर हसतो. आख्ख्या शॉपमध्ये असा माणूस नाही. ऑडिटला आलेल्या पाहुण्यांना तो कुठे बसतो ते सांगायची सोय नाही. तुमचं खरं भांडवल, म्हणजे कुठली मशीन, किती साइझपर्यंत टर्निंग, कुठलं मटेरियल, सीएमएम आहे की नाही, ते कुठेच नाही. ‘आमचं व्हिजन’ मात्र तीन परिच्छेद आहे. प्रायव्हेट लिमिटेडवाल्यांनी साइटच्या पहिल्या पानावर नाव, नोंदणीकृत पत्ता, सीआयएन (कंपनीचा नोंदणी क्रमांक), फोन आणि ईमेल द्यायचा, असं कंपनी कायद्याच्या २०१४ च्या नियमांत लिहिलंय. सीआयएन टाकायला जागा नव्हती, कारण तिथे गोरा माणूस होता.

आता एक घडलेली गोष्ट. शॉपचं नाव विचारू नका. भोसरीतल्या एका गाळ्यात चालतं, एवढं पुरे. शेठच्या मेहुण्याच्या मुलाने हौसेने नवी साइट करून दिली. मुलगा हुशार. नवं होस्टिंग घेतलं आणि डोमेनच्या खात्यात जाऊन नेमसर्व्हर बदलले. आता नेमसर्व्हर बदलले की साइट कुठे आहे ही नोंद बदलते, आणि तिच्याबरोबर मेल कुठे द्यायचा ही एमएक्सची नोंदही. साइट डोळ्यांना दिसत होती, ती त्याने हलवली. एमएक्स दिसत नाही, तो राहिला. साइट झकास उघडली, शेठनी फॅमिली ग्रुपवर टाकली, सगळ्यांनी अंगठे दाखवले. ऑफिसात आउटलुक पासवर्ड मागायला लागलं, मॅडम दर वेळी कॅन्सल दाबत राहिल्या. ‘आज मेल कमी आहेत, बरं झालं,’ असंही म्हणाल्या. दुसऱ्या दिवशीही बरं झालं.

नव्या सर्व्हरवर मेलबॉक्स कुणी उघडलेच नव्हते. पण त्याची मांडणी अशी होती की बेवारस मेल परत पाठवायचे नाहीत, एका डिफॉल्ट पेटीत टाकायचे. त्यामुळे पाठवणाऱ्याकडे काहीही बाउन्स झालं नाही. त्याच्या लेखी सगळं पोहोचलं होतं. त्याच पेटीत पार्टीच्या परचेसकडून आलेलं ड्रॉइंग पडून राहिलं. बोअरचा टॉलरन्स बदललेला, रिव्हिजन ‘सी’. शॉपमध्ये लॉट निघाला ‘बी’प्रमाणे. डेबिट नोट मात्र व्हॉट्सॲपवर अगदी वेळेवर आली. मग मला फोन: ‘तू आमचा मेल का बंद केलास?’

‘मेल जातोय, पण पोहोचत नाही’ हा दुसरा प्रकार. ईमेल ज्या एसएमटीपी नियमांवर चालतं, ते ऑगस्ट १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरात पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली. दोन्हीकडे आधी वस्ती झाली आणि मग पाइप टाकायला रस्ते खोदले. पाठवणारा खरंच तोच आहे का, हे तपासायची सोय त्या मूळ नियमांत नव्हतीच. ती पुढे ठिगळं लावून आली. तुमच्या नावाने मेल पाठवायचा अधिकार कुठल्या सर्व्हरला, ते एसपीएफ सांगतं. डीकेआयएम म्हणजे मेलवरची डिजिटल सही. आणि हे जुळलं नाही तर मेलचं काय करायचं, ते डीमार्क ठरवतं. बरीच वर्षं हे ऐच्छिक होतं. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने ढिगाने (गूगलच्या हिशोबी दिवसाला ५००० किंवा त्याहून जास्त) मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही सक्तीचे केले, आणि तुमच्या-माझ्यासारख्या किरकोळांनाही एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक तरी हवंच असं सांगितलं. मे २०२५ पासून मायक्रोसॉफ्टनेही मोठ्या पाठवणाऱ्यांवर तीच सक्ती आणली.

यात तुमचं काय अडतं, ते बघा. तुमचं बिलिंग सॉफ्टवेअर स्वतःच्या सर्व्हरवरून तुमच्या नावाने इन्व्हॉइस पाठवतं. तो सर्व्हर तुमच्या एसपीएफच्या नोंदीत नाही, कारण सॉफ्टवेअर घेतलं तेव्हा मला कुणी विचारलं नाही. इन्व्हॉइस पार्टीच्या स्पॅममध्ये जातं. तुम्ही म्हणता, पार्टी पैसे द्यायला टाळतेय. टाळतच असते, पण या वेळी तिच्याकडे कारण असतं.

बरं, मेल परत आला तर का आला, हे त्यात लिहिलेलं असतं. साडेपाचशे हा आकडा, पुढे आणखी तीन आकडे आणि एक वाक्य. डॉक्टरी रिपोर्टइतकं स्पष्ट. तुम्ही मला काय पाठवता? स्क्रीनचा मोबाइलवर काढलेला तिरका फोटो. त्यात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब असतं, मॅडमचा चहाचा कप असतो, आणि नेमकी ती ओळ कापलेली असते. तीच गोष्ट ड्रॉइंगची. मेलची मर्यादा २५ एमबी आहे आणि माझी फाइल २० चीच आहे, असं तुम्ही भांडून सांगता. मेलमध्ये जाताना फाइलचं एन्कोडिंग होऊन ती साधारण एक तृतीयांशाने फुगते, म्हणजे २० ची २६-२७ होते. लिंक पाठवा म्हटलं तर म्हणता, ‘आमच्या पार्टीला लिंक चालत नाही.’

मेलसाठी पैसे मोजा म्हटलं की तुमचं उत्तर ठरलेलं: ‘गूगलवर फुकट होतं ना?’ होतं. नवीन लोकांसाठी ते डिसेंबर २०१२ मध्ये बंद झालं आणि जुन्या कंपन्यांना २०२२ मध्ये पैसे भरा म्हणून नोटीस आली. तेव्हा तुमच्यापैकी एकाने मला विचारलं होतं, ‘गूगलमध्ये तुझी कुणी ओळख नाही का?’

हसण्यावारी न्यायची नाही अशी गोष्ट एकच. ‘आमचं बँक खातं बदललं आहे, पुढचं पेमेंट नव्या खात्यात करावं’ असा मेल. तो पाठवणारा चोर एका दिवसात येत नाही. कुणाचा तरी पासवर्ड कंपनीचं नाव आणि १२३ असा असतो. चोर त्यातून आत शिरतो, गुपचूप मेल पुढे पाठवायचा नियम लावतो, कुठलं बिल किती तारखेला निघणार ते आठवडेच्या आठवडे वाचतो आणि ऐन दिवशी तुमच्यासारख्याच दिसणाऱ्या पत्त्यावरून लिहितो. इंग्रजी एमच्या जागी आर आणि एन शेजारी-शेजारी ठेवले, तर चाळिशीच्या चष्म्याला फरक कळत नाही. रिझर्व्ह बँकेच्या सांगण्यावरून एप्रिल २०२५ पासून आरटीजीएस-एनईएफटी करताना खातेदाराचं नाव आधी दाखवायची सोय बँकांनी द्यायची आहे. ते नाव वाचा. खातं बदलल्याचा मेल आला, तर जुन्या, माहितीतल्या नंबरवर फोन करून विचारा. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नको, तो चोरच उचलतो. पैसे गेलेच तर आधी १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन, मग मला शिव्या. क्रम महत्त्वाचा आहे.

आता विषयावर येतो. एमआयडीसीच्या प्लॉटचं लीज डीड तुम्ही तिजोरीत ठेवता. चाकणच्या मंडळींना आपल्या सातबाऱ्यावरचे फेरफार तोंडपाठ असतात. चुलत्याचं नाव कुठल्या साली लागलं, ते झोपेतून उठवलं तरी सांगाल. आणि शॉपचं जे नाव गेटवर, लेटरहेडवर, पीओवर, टेम्पोच्या दारावर रंगवलंय, ते इंटरनेटवर कोणाच्या नावावर आहे? भाच्याच्या. किंवा तेव्हा आकुर्डीत छोटं ऑफिस असलेल्या त्या मुलाच्या, जो पुढे हिंजवडीला नोकरीला लागला आणि आता कॅनडात आहे. वाईट कुणीच नाही. त्याने तेव्हा स्वतःच्या कार्डावर, स्वतःच्या कॉलेजच्या ईमेलवर डोमेन घेऊन टाकलं, तुम्ही त्याला चहा पाजला, व्यवहार संपला.

डॉट कॉमसारख्या डोमेनची मुदत संपायच्या साधारण महिनाभर आणि आठवडाभर आधी रजिस्ट्रारला सूचना पाठवावीच लागते. तो पाठवतो, त्या कॉलेजच्या ईमेलवर, जो केव्हाच बंद झालाय. मग एके दिवशी साइट आणि मेल दोन्ही एकदम जातात. त्यानंतर थोडे दिवस सवलत. मग डॉट कॉमला ३० दिवसांचा रिडेम्प्शनचा काळ, ज्यात तेच नाव सोडवायला नेहमीच्या कित्येक पट पैसे. मग पाच दिवस, आणि त्यापुढे ते नाव ज्याला हवं त्याला. जो घेईल, त्याला तुमच्या नावाने येणारे मेलही मिळतात, ड्रॉइंगसकट. गंमत अशी की परदेशातून छापील अक्षरांत ‘डोमेन नोटीस’ म्हणून येणारी खोटी बिलं तुम्ही लगेच भरता, कारण ती सरकारी दिसतात.

भांडून नाव परत मिळवायची वाट आहे. डॉट इनसाठी आयएनडीआरपी, डॉट कॉमसाठी यूडीआरपी. पण तिथे नावावरचा तुमचा हक्क दाखवावा लागतो, त्यासाठी ट्रेडमार्क असलेला बरा, आणि समोरच्याची बदनियत सिद्ध करावी लागते. शेठ, भाच्याची बदनियत तुम्ही सिद्ध करणार, आणि मग दिवाळीला बहिणीकडे जाणार?

म्हणून विनंती एवढीच. येत्या गुरुवारी डोमेनच्या खात्यात स्वतः लॉगिन करून बघा. व्हूइजवर शोधू नका. हल्ली तिथे नावं बहुतेक झाकलेली असतात. लॉगिन झालं, तर नाव, ईमेल, मोबाइल आणि मुदतीची तारीख तुमची आहे का ते पाहा, ऑटो-रिन्यू चालू करा आणि पासवर्ड मॅडमच्या डायरीशिवाय आणखी एका ठिकाणी ठेवा. लॉगिन झालं नाही, तर ते नाव तुमचं नाही. मग मला फोन करू नका, आधी भाच्याला करा, नाहीतर कॅनडातल्या त्या मुलाला. तिकडे रात्र असली तरी करा.

आपला,
साइटवाला

ता. क. : मागच्या रिन्यूअलचं माझं बिल अजून बाकी आहे. मोठ्या कंपन्या ४५ दिवसांत पैसे देत नाहीत, हे गाऱ्हाणं मी तुमच्याकडूनच ऐकलं आणि एमएसएमई कायदा वाचला. उद्यम नोंदणी माझीही आहे. आणि लेखी करार नसेल, तर मुदत ४५ दिवसांची नसून १५ दिवसांची असते.