आधी नाव, मग भाव

सुरतेच्या कोसाड आवासमध्ये गेल्या महिन्यात एका घरी चहाला बसलो होतो. घरधनी अमळनेरकडचा, पंधरा वर्षं सुरतेत लूम चालवतोय. चहा होईपर्यंत त्याने कपाटावरची पत्र्याची पेटी खाली घेतली आणि त्यातून एक कागद काढला. तीनशे रुपयांचा स्टॅम्पपेपर, नोटरीचा गोल शिक्का, दोन साक्षीदारांच्या सह्या, विकणाऱ्याचा अंगठा. खराब होऊ नये म्हणून लॅमिनेशनही करून घेतलेलं. "दादा, शेजारच्या बिल्डिंगमधला फ्लॅट घेतला. साडेतीन लाखात. आता भाड्याने देणार. आपली पण इन्व्हेस्टमेंट सुरू झाली."

मी तो कागद दोनदा वाचला. घोट घशाखाली उतरेना. पंधरा वर्षांच्या रात्रपाळ्या त्या प्लास्टिकच्या कव्हरात होत्या आणि कायद्याच्या लेखी त्या कव्हरात घर नव्हतं.

हे मी बोलायचं म्हणून बोलत नाही. नोंदणी कायदा १९०८ सालचा आहे. शंभर रुपयांवरची स्थावर मालमत्ता विकायची तर दस्त नोंदवावाच लागतो. ११ ऑक्टोबर २०११ ला सर्वोच्च न्यायालयाने सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट सांगितलं की मुखत्यारपत्र, करारनामा आणि मृत्युपत्र यांची गड्डी बांधून घर विकलं तर मालकी बदलत नाही. नोटरी सही कुणी केली याची साक्ष देतो, मालक कोण हे ठरवत नाही. इतकी साधी गोष्ट आपल्या माणसांपर्यंत पोचत नाही आणि दलाल ती पोचू देत नाही.

त्यात हे घर आवासचं. जवाहरलाल नेहरू शहरी पुनरुत्थान योजनेतून सुरत महापालिकेने कोसाडला हजारो घरं बांधली आणि शहरातल्या झोपडपट्ट्यांतली माणसं इथे आणून वसवली. घर मिळालं, पण काम राहिलं शहराच्या दुसऱ्या टोकाला. रोजचं रिक्षाभाडं परवडेना म्हणून कुणी घर बंद करून परत गेलं, कुणी आजारपणात विकायला काढलं. अशी घरं ठरलेल्या मुदतीपर्यंत विकता येत नाहीत, भाड्यानेही देता येत नाहीत. तपासणीत घरात भलतंच कुटुंब सापडलं तर सील लागू शकतं. त्या दिवशी पालिकेच्या यादीत नाव असतं मूळ लाभार्थ्याचं. साडेतीन लाख देणाऱ्याचं नाव कुठेच नसतं. आणि मला याहून जास्त बोचतं ते वेगळंच आहे. गरिबाला राहण्यासाठी मिळालेलं घर दुसऱ्या गरिबाने कमाईसाठी घ्यायचं आणि तिसऱ्या गरिबाला भाड्याने द्यायचं. तिघांच्याही हातात कागद नाही. दलाली मात्र रोख आणि आगाऊ.

मग हा शहाणा, कष्टाळू माणूस असं का करतो? मी विचारलं. तो म्हणाला, "बँक पगाराची स्लिप मागते. मला शेठ मीटरवर पैसे देतो, हातात." खरं दुखणं हेच आहे. कागद नाही म्हणून कर्ज नाही, कर्ज नाही म्हणून बिनकागदाचं घर. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा इथल्या आपल्या खानदेशी वस्त्यांत हेच चक्र घरोघरी आहे.

म्हणून जमीनजुमल्यात पहिल्यांदा पैसे घालणाऱ्याला माझं सांगणं आहे: पहिली दोन वर्षं काही विकत घेऊ नका. मजुरी बँकेत जमा करून घ्या. कमाई करपात्र नसली तरी आयकराचं विवरणपत्र दरवर्षी भरा. गृहकर्ज देणारे साधारण दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं बघतात. तेवढ्या काळात घराच्या किमतीच्या पाचव्या हिश्शाची रक्कम जमवा. हे काम कंटाळवाणं आहे, त्यात कुणी पेढे वाटत नाही, पण खरी सुरुवात तिथेच होते.

मग हिशेब. समजा, घर १५ लाखांचं. ३ लाख तुमचे, १२ लाख कर्ज, ९ टक्क्यांनी, २० वर्षं. हप्ता महिन्याला सुमारे १०,८०० रुपये. भाडं आलं ५,०००. उरलेले ५,८०० दर महिन्याला तुमच्या खिशातून, वर वेरा बिल (घरपट्टी), मेंटेनन्स आणि भाडेकरू नसलेले दोन महिने. "भाड्यातून हप्ता निघतो" असं सांगणाऱ्याला हे गणित कागदावर मांडायला सांगा. पेन खाली ठेवेल. म्हणूनच पहिलं घर स्वतःला राहायला घ्यावं. तुम्ही भरत असलेलं भाडं वाचतं, आणि ती कमाई खात्रीची असते.

प्लॉटवाल्यांचं प्रकरण आणखी निसरडं. शेतजमीन बिगरशेतकऱ्याला सहसा घेता येत नाही, गुजरातेतही नाही आणि महाराष्ट्रातही नाही. तरी शेतात चुन्याच्या रेघा मारून, चार झेंडे लावून "प्लॉट" विकले जातात. सात-बारावर शेतकऱ्याचंच नाव, तुमच्या हातात पावती. सुरतेच्या कडेला आणखी एक मेख आहे, टी.पी. स्कीमची. नगररचना योजना लागली की जमिनीचा मोठा हिस्सा रस्ते, बागा, शाळांसाठी कापला जातो आणि उरलेला अंतिम प्लॉट दुसऱ्या जागी पडू शकतो. दलाल बोट दाखवतो ती जागा आणि कागदावरची जागा एकच आहे का, हे टी.पी.चा नकाशा आणि एफ.पी. (अंतिम प्लॉट) नंबर बघितल्याशिवाय कळत नाही. जागेवर उभं राहून फोटो काढल्याने तर मुळीच नाही.

"मेट्रो येतेय" हेही ऐकाल. सुरत मेट्रोचे मंजूर मार्ग दोन: सरथाणा ते ड्रीम सिटी आणि भेसाण ते सारोली. यात कोसाड कुठे आहे ते बोट ठेवून दाखवायला सांगा. कोसाडला स्वतःचं रेल्वे स्टेशन आहे, मुंबई-अहमदाबाद मार्गावर. ती खरी जमेची बाजू, पण तिचं नाव कुणी घेत नाही, कारण ती आजच्या भावात आधीच आलेली असते.

आणि बी.यु., म्हणजे इमारत वापरायची परवानगी. ती बघायलाच हवी. ६ जुलै २०२४ ला सचिनजवळच्या पाली गावात बहुमजली इमारत कोसळली, ७ जण गेले. राहणारे बहुतेक आसपासच्या कारखान्यांतले कामगार, भाड्याने. बांधून दहा वर्षंही झाली नव्हती. भाड्यासाठी घर घेणाऱ्या प्रत्येकाने त्या दिवसाची बातमी पुन्हा वाचावी. आपल्या छताखाली कुणाची तरी लेकरं झोपणार आहेत, हा गुंतवणुकीच्या हिशेबातला पहिला रकाना आहे. इमारतीसारखीच जागाही तपासा. शेजारच्या जुन्या माणसाला एक प्रश्न जरूर विचारा: २००६ च्या ऑगस्टमधल्या पुरात तापीचं पाणी इथे कुठवर आलं होतं? भिंतीवर हात ठेवून तो उंची दाखवेल. ती उंची कुठल्याच माहितीपुस्तकात नसते.

नव्या बांधकामात रेराचा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन कायद्याखालच्या नोंदणीचा, नंबर मागा. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी जमीन किंवा आठपेक्षा जास्त घरं असतील तर सहसा नोंदणी लागतेच. नोंदलेला करार, इथल्या भाषेत बानाखत, केल्याशिवाय बिल्डरला दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. "बानाखत नंतर करू, आधी अर्धे द्या" म्हणणारा पहिल्याच दिवशी कायदा मोडायला सांगतोय. तिथून उठावं.

आमच्या अमळनेरकराचे पैसे अजून पूर्ण सुटलेले नाहीत. विकणाऱ्याने एक लाख परत केलेत, बाकीचे दिवाळीनंतर म्हणतो. पण गेल्या आठवड्यात अमळनेरकराचा फोन आला. विवरणपत्र भरलं होतं, पहिल्यांदाच. मग जरा थांबून त्याने विचारलं, पुढे कधी दस्तावेज झालाच तर तो बायकोच्या नावाने केला तर चालतो का? चालतो, म्हटलं. गुजरातेत खरेदीदार बाई असेल तर एक टक्का नोंदणी फी माफ आहे, १४ लाखांच्या घरावर १४ हजार. स्टॅम्प ड्यूटी ४.९ टक्के तेवढी भरावी लागेल.

त्याने फोन हातात धरूनच आत हाक मारली, "अगं, तुझं आधारवरचं नाव बघ बरं, माहेरचं आहे का सासरचं?" मशीनचा आवाज थांबला. ती घरी साड्यांना लेस लावते. पेटी उघडल्याचा आवाज आला, मग ती म्हणाली, "माहेरचं आहे. उद्याच बदलून आणते."