बसतंय की!

टँकवाले काका माणूस म्हणून लाख मोलाचे. फक्त मासा म्हणून त्यांच्या घरी जन्म काढावा लागू नये.

नगरच्या सावेडीत त्यांचा फ्लॅट. दिवाणखान्यात टीव्हीशेजारी काचेची टाकी, 2 फूट लांब, 1 फूट रुंद, 1 फूट उंच. काठोकाठ भरली तर 55 लिटरच्या आसपास पाणी मावतं. त्यातून निळे खडे, पडका किल्ला, प्लास्टिकचा पाणबुड्या आणि बुडबुडे सोडत उघडझाप करणारी खजिन्याची पेटी वजा करा. वर मोकळी ठेवायची दोन बोटं वजा करा. 45 लिटर हाती लागले तर नशीब. एवढ्यात काकांनी अख्खा तालुका वसवलाय. एसटीत कंडक्टर म्हणून जन्म गेला; ‘पुढं सरका, मागं जागा आहे’ हे रिटायर झाल्यावर कुणाला तरी म्हणायला हवंच ना! कुणी टाकीकडे बोट दाखवून “काका, जरा गर्दी वाटते” म्हणालं की काका काचेवर टिचकी मारतात. “बसतंय की!”

सुरुवात वास्तुशास्त्रापासून झाली. आठ सोनेरी गोल्डफिश आणि एक काळा, म्हणजे घरात लक्ष्मी. लक्ष्मी अजून वाटेत आहे, पण गोल्डफिश वितीएवढे व्हायच्या मार्गाला लागले. मग एकट्या गोल्डफिशनं शोभा येत नाही म्हणून एंजल आले. गोल्डफिशला गार पाणी मानवतं, एंजलला 26 अंशांच्या आसपास ऊब लागते. हीटर लावला की गोल्डफिश वर येऊन तोंड वासतात, बंद केला की एंजल कोपऱ्यात अंग चोरून बसतात. काकांनी दोघांचंही मन राखलं. हीटर एक दिवसाआड.

टायगर बार्ब हा भांडकुदळ मासा. सहा-आठ एकत्र ठेवले तर बिचारे आपापसांत भांडून दमतात. एक-दोनच ठेवले तर शेजाऱ्यांच्या शेपट्या कुरतडतात. काकांना कुणीतरी “हे त्रास देतात” एवढंच सांगितलं होतं. म्हणून त्यांनी फार नकोत, दोनच आणले. आठवड्यात एंजलच्या लांब पंखांच्या चिंध्या झाल्या. एंजलही काही संत नव्हेत. मोठे झाल्यावर त्यांनी दहा निऑन टेट्रा एकेक करून फस्त केले. काकांच्या मते त्यांनी बाहेर उड्या मारल्या. काकू दोन दिवस सोफ्याखाली बॅटरी मारत होत्या.

दुकानातला पोऱ्याही वस्ताद. “शार्कची जोडी घ्या काका, एक काळा, एक पांढरा!” हा बोटाएवढा शार्क म्हणजे पंगेशियस, मूळचा मेकाँग नदीचा. तिकडे मीटरभर वाढतो. आपल्याकडे हॉटेलात बासा म्हणून ताटात येतो तो बहुतेक वेळा हाच. काकांकडे तो पाहुणा म्हणून आला आणि आता वळायचं झालं तर त्याला आधी किल्ल्याला विचारावं लागतं. काच चाटायला ठेवलेल्या सकर माशाचंही तेच. फूट-दीड फूट होणारा प्राणी, आणि काच जेवढी साफ करतो त्याच्या दुप्पट घाण करतो. गप्पींबद्दल न बोललेलं बरं. त्यांची मादी एकदा नराची गाठ पडली की पुढचे कित्येक महिने त्या भांडवलावर बाळंतपणं काढते.

खरी मेख मात्र डोळ्यांना दिसत नाही. मासे कल्ल्यांतून अमोनिया सोडतात, उरलेलं खाणं कुजून त्यात भर घालतं. फिल्टरच्या स्पंजात वस्ती केलेले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्यापैकी निरुपद्रवी नायट्रेट करतात. ही वस्ती बसायला चार-सहा आठवडे लागतात. काका पडले टापटिपीचे. दर रविवारी टाकी पूर्ण रिकामी, खडे घासून लख्ख, स्पंज नळाच्या क्लोरीनवाल्या पाण्याखाली पांढराशुभ्र होईस्तोवर पिळलेला. म्हणजे महिनाभराची वस्ती तासाभरात उठवली. मंगळवारी दोन मासे पोटं वर करून तरंगतात. काका हळहळतात, “दृष्ट लागली,” म्हणतात, आणि संध्याकाळी चार नवे आणतात. कारण आता तर जागा झालेली असते!

परवा ज्येष्ठ नागरिक संघाची सहल हिवरे बाजारला गेली. शेजारधर्म म्हणून मीही गेलो. गाव दाखवणारा गडी मोठा गोष्टीवेल्हाळ. पोपटराव पवार 1989मध्ये सरपंच झाले तिथपासून त्यानं सुरुवात केली: डोंगरावरचे चर, बंधारे, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी, नसबंदी, श्रमदान. (नसबंदीला मला गप्पी आठवल्या, काकांना नाही.) मग तो पाण्याच्या ताळेबंदावर आला. पाऊस मुळातच जेमतेम. पावसाळा सरला की किती पडला, विहिरीत किती उतरला हे मोजायचं. आधी माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं बाजूला काढायचं, उरलेल्यात कोणती पिकं किती घ्यायची ते ग्रामसभेत ठरवायचं. पाऊस कमी तर पेरा कमी. ऊस नाही, केळी नाही, शेतीला बोअर नाही.

काका भारावले. डायरीत लिहून घेतलं, खाली दोन रेघा मारल्या. मला कोपरानं ढोसून म्हणाले, “बघा! पाणी केवढं आणि पिणारे किती, एवढा साधा हिशेब. पण लोकांना कळत नाही हो!” मी त्यांच्या तोंडाकडे पाहतच राहिलो. काहीतरी आत हललं असावं, कारण काका बराच वेळ गप्प होते. बंधाऱ्यापाशी आल्यावर त्यांनी हळूच त्या गड्याला बाजूला घेतलं.

“यात मासे सोडता येतील का हो? माझ्याकडे दोन शार्क आहेत. घरचेच आहेत, गरीब आहेत. आणि एक सकर.”

तो गडी गंभीर झाला. बाहेरच्याला गावात जमीनसुद्धा विकत नाहीत, तिथं शार्क म्हणजे मोठाच विषय. म्हणाला, “ग्रामसभेत ठेवावं लागंल.”

काकांनी डायरी पुन्हा उघडली. “पुढची कधी आहे? आणि गप्पींचंही त्यातच घेता येईल ना?”