सोवळ्यातली वीज

विजेलाही विटाळ होतो हे ज्यांना पटत नाही, त्यांनी उंची ऑडिओच्या वाटेला जाऊ नये. शेजारच्या काकूंचा मिक्सर, वरच्या मजल्यावरचं वॉशिंग मशीन, जिन्यातला स्वस्तातला एलईडी दिवा यांना शिवून आलेली वीज ॲम्प्लिफायरात शिरली, की मारव्याचा कोमल रिषभ काळवंडतो म्हणतात. उपाय शास्त्रात दिलेला आहेच. भिंतीतला सॉकेट आणि ॲम्प्लिफायर यांच्यामध्ये पॉवर कंडिशनर नावाचे गुरुजी बसवायचे. पोटात चोक आणि कपॅसिटर, दर्शनी बाजूला निळा दिवा, दक्षिणा लाखाच्या घरात.

मग केबल. ही मनगटाएवढी जाड. तिला जमिनीला टेकू द्यायचं नाही. तिच्यासाठी चिनी मातीचे छोटे पाट मिळतात. (थट्टा नाही, खरंच मिळतात.) पहिले 200 तास तिला नुसतं रुळू द्यायचं. काही केबलांवर बाणही छापलेला असतो, विजेनं कुठल्या दिशेनं जावं ते सांगणारा. आपल्या घरातली वीज सेकंदाला 50 आवर्तनं करते, म्हणजे 100 वेळा तोंड फिरवते. बाण पाळायचा तर तिनं निम्मा वेळ दारातच उभं राहायला हवं.

या शुद्धीआधी विजेनं काय काय केलेलं असतं, ते मात्र विचारू नये. चंद्रपुरात कोळशाच्या धुरात ती जन्मते. तिथून तिच्यातली काही पोलादी गाभ्याच्या ॲल्युमिनियमच्या तारांवरून, 500 किलोव्होल्टच्या दाबानं, सुमारे 750 किलोमीटरवरच्या पडघ्याला येते. या टप्प्यात ती डीसी असते, खरोखर एकाच दिशेनं वाहते. बाण छापायची हौस असेल तर तिथे छापा. पुढे नाक्यावरची डीपी, जिचं दार सुतळीनं बांधलेलं. मग मीटर. मग बिल्डरच्या वायरमननं भिंतीत गाडलेली अडीच चौरस मिलिमीटरची तार. एवढं ओवळं अंगावर घेऊन आलेली वीज शेवटच्या दीड मीटरमध्ये पावन होते. गंगेला इतकी घाई कधी जमली नाही.

बरं, ॲम्प्लिफायर बनवणारे काही झोपलेले नसतात. आत ट्रान्सफॉर्मर, रेक्टिफायर आणि मोठे कपॅसिटर बसवून ते आलेल्या विजेचं डीसी करूनच पुढे पाठवतात. पण घरच्या मोरीवर विश्वास ठेवला तर गुरुजींनी खायचं काय? त्यातही पंथ आहेत. ॲम्प्लिफायर थेट भिंतीलाच लावा, कंडिशनरनं नाद गुदमरतो, असं सांगणारे कर्मठ वेगळे. दोघांची पंगत एकत्र बसत नाही. जपानात काही शौकिनांनी अंगणात स्वतःचा विजेचा खांब आणि ट्रान्सफॉर्मर रोवून घेतल्याची बातमी ‘वॉल स्ट्रीट जर्नल’नं 2016 साली दिली होती. स्वतंत्र विहीरच म्हणायची.

व्होल्टेज वरखाली होत असेल तर स्टॅबिलायझर घ्यावा, स्पीकर गुणगुणत असतील तर अर्थिंग तपासून घ्यावं. पण त्याला वायरमन लागतो, तो पाचशे रुपये घेतो, आणि पाचशे रुपयांत रिषभ उजळल्याचं कोणाला सांगता येत नाही. उपकरणांवर चादर टाकून, कुठली केबल लावली आहे ते ओळखा म्हटलं, तर भक्त उठूनच जातात. देवाची परीक्षा बघू नये.

आमच्या एका स्नेह्यांनी नवी केबल आल्यावर गौहर जानचं 1902 सालचं गाणं लावलं. शेवटी ती आपलं नाव सांगते, ते त्यांना म्हणे प्रथमच लख्ख ऐकू आलं. मी म्हटलं, अहो, कोलकात्यात ती भोंग्यासमोर गायली आणि आवाजाच्या जोरानंच सुई हलली. विजेवरचं ध्वनिमुद्रण यायला 1925 साल उजाडायचं होतं.

ते प्रसन्न हसले. म्हणाले, “तरीच इतकं स्वच्छ आहे. विजेचा स्पर्शच नाही.”