कडक भाकरी, कडक गादी

आमच्या सोलापुरात 'कडक' हा शब्द कौतुकाचा आहे. भाकरी कडक असली तर शेंगाचटणीबरोबर महिनाभर टिकते, आणि ऊन कडक असलं तरी त्याची तक्रार आम्ही पाहुण्यांपुढे थोड्या अभिमानानेच करतो. त्यामुळे डॉक्टर माझ्या कंबरेत दोन बोटं खुपसून "जरा कडक गादी घ्या" म्हणाले, तेव्हा मला त्यात काही धोका दिसला नाही. कंबर माझीच आहे, हे त्या क्षणी लक्षात राहिलं नाही.

जुनी गादी कापसाची, लग्नात सासऱ्यांनी दिलेली. पूर्वी पिंजारी यायचा, अंगणात बसून धुनकीवर कापूस पिंजायचा, आणि गादी पुन्हा नवरीसारखी फुगायची. पिंजारी यायचा बंद झाला तसा त्या गादीत माझ्या मापाचा खळगा पडला. इतका नेमका, की मी गावाला गेलो तरी मी झोपलोय असंच वाटायचं. ती गादी आम्ही धुणंभांडी करणाऱ्या मावशींना दिली आणि पाडव्याच्या सवलतीत तीन बाय सहाच्या दोन नव्या गाद्या घ्यायला गेलो.

"झोपून बघा की ओ साहेब," दुकानदार म्हणाला. आता भर दुकानात, बायकोसमोर आणि गाद्या बघायला आलेल्या दोन अनोळखी कुटुंबांसमोर आडवं व्हायचं, तेही उजव्या मोज्यातून अंगठा बाहेर डोकावत असताना, म्हणजे माणूस गादी बघत नाही हो, अंगठा झाकतो. मी दहा सेकंदांत उठलो आणि "झकास" म्हणालो.

पहिल्या रात्री मला वाटलं, आपण चुकून पलंगाच्या फळीवर झोपलोय. चाचपून पाहिलं तर खाली गादीच होती. दुकानदाराला फोन केला, तो म्हणाला, आठ-पंधरा दिवसांत बसेल. ती काही बसली नाही. मी बसलो, रात्रभर, तिच्या काठावर.

खरं दुःख वेगळंच होतं. शेजारच्या गादीवर बायको पाठ टेकताच घोरायला लागायची. तीच गादी, तेच दुकान, तीच पावती. मी मनाची समजूत घातली की तिचं माहेर बार्शीकडचं, माणसं मुळात काटक. आमचे आजोबा १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या गिरणीत कामाला होते, खाली घोंगडं टाकून झोपायचे आणि भोंगा वाजला की ताडकन उठायचे. त्यांच्या नातवाला फोम टोचतो, हे कुणाला सांगायचीही लाज वाटायची. म्हणून मी सगळ्यांना सांगितलं.

सल्ले मिळाले. एकाने सांगितलं, तुडवा. मी आठवडाभर रोज सकाळी गादीवर शंभर पावलं चाललो, पोटऱ्या दुखायला लागल्या. दुसऱ्याने सांगितलं, वर काहीतरी अंथरा. सोलापुरात अंथरायला काय कमी? आमच्या चादरीला भौगोलिक मानांकन आहे आणि आमच्या कपाटात आहेरात आलेल्या चादरींचा ढीग आहे. मी त्यातल्या अकरा अंथरल्या. मऊ काही वाटेना, पण माझी बाजू बायकोच्या बाजूपेक्षा वीतभर उंच झाली आणि तिसऱ्या रात्री कूस बदलताना मी माळ्यावरून पोतं पडावं तसा तिच्या अंगावर पडलो. तिने डोळे न उघडता "अहो, खाली जागा आहे" एवढंच म्हटलं.

मग पुतण्याने मोबाईलवर वाचून दाखवलं की नासाने १९६६ च्या सुमारास विमानातल्या आसनांसाठी मेमरी फोम तयार केला आणि तो उबेने मऊ पडतो. ऊब! मे महिन्यात, सोलापुरात! आम्ही काका-पुतण्यांनी गादी उचलली, ती जिन्याच्या वळणावर अडकली, पाऊण तास मी वरच्या बाजूला आणि जगाशी संपर्क खालच्या बाजूला अशी परिस्थिती होती, आणि शेवटी एका जोरदार धक्क्यासरशी आम्ही गच्चीवर पोचलो ते थेट शेजारच्या अक्कांच्या वाळत घातलेल्या कुरडयांवर. गादीला काही झालं नाही. कुरडयांचा रवा झाला. अक्का मला तेलुगूत काय म्हणाल्या ते मी विचारलं नाही. संध्याकाळी खाली आणलेली गादी रात्री दोनपर्यंत तव्यासारखी धगधगत होती आणि मी तिच्यावर आलटूनपालटून शेकत होतो. माझ्या गादीत मेमरी फोम नव्हताच, हे पावती वाचल्यावर कळलं.

आषाढात बायकोने खोळी धुवायला काढल्या. माझ्या गादीच्या कडेला एक चिठ्ठी शिवलेली होती: वर बाण, 'कडक बाजू', खाली बाण, 'मऊ बाजू'. मी तिच्या गादीकडे धावलो. तिथे बाण उलटे होते.

"तुला माहीत होतं?"

"पहिल्याच दिवशी वाचलं की. तुम्हाला डॉक्टरांनी कडक सांगितली होती ना?"

पुतण्याने मग आणखी एक शोध लावला. २००३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधल्या ३१३ कंबरदुखीवाल्यांचा अभ्यास आला होता. ९० दिवसांनंतर कडक गादीवाल्यांपेक्षा मध्यम कडक गादीवाल्यांची कंबर जास्त सुधारली होती. आपल्याला कुठली गादी मिळाली आहे हे त्या लोकांना सांगितलं नव्हतं म्हणे. मलाही नव्हतं, पण माझा अभ्यास कुणी करत नव्हतं.

गादी उलटी केली. मऊ बाजू इतकी मऊ निघाली की सकाळी उठायला हात द्यायला बायको लागते, आणि कंबर पुन्हा तिथेच. मावशींना हळूच विचारून पाहिलं, जुनी परत देऊन ही नेता का? त्यांनी गादी दोन्ही बाजूंनी नीट दाबून बघितली. "नको ओ दादा, आमची लई भारी हाय."

तेव्हा कुणाला हवी असेल तर सांगा. तीन बाय सहा, खोळीसकट. न्यायला चार माणसं आणा, जिन्याच्या वळणावर ती अडकते, आणि येण्याआधी अक्कांना विचारून घ्या.